भाऊजी म्हणतात, थांबा!

नमस्कार सर,

मी आणि माझे धाकटे दीर मिळून कर्वेनगरला इमारतींचे थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देतो. बिल्डर आणि आर्किटेक्ट हे आमचे ग्राहक. भाऊजींचं मशीन २०२१ मध्ये असेंबल केलेलं आहे: रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. काम थ्रीडीएस मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर, म्हणजे मॉडेलचं तयार चित्र काढणं, व्ही-रे जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर. लहान सीन छान निघतात. पण ताथवड्याच्या २२ मजली टॉवरच्या कामात झाडं, गाड्या, क्लब हाउस टाकलं की रेंडर सुरू होता होताच बंद पडतं. मग सीन ऑनलाइन रेंडर फार्मला, म्हणजे पैसे घेऊन रेंडर करून देणाऱ्यांना, पाठवतो. सहा महिन्यांत त्याचे ९४ हजार झाले. शेवटचं बिल सोबत जोडलंय.

नव्या मशीनसाठी चार लाख बाजूला काढलेत. पण भाऊजी म्हणतात, थांबा. पुढच्या रायझनला २४ कोअर येणार, नव्या कार्डांना २४ जीबी मेमरी येणार. रोज रात्री जेवताना तेच व्हिडिओ चालू असतात. २०२२ मध्ये थांबलो, २०२४ मध्येही थांबलो. आता मध्येच ५१२ जीबीच्या मॅकचं काढलंय. दुकानदार म्हणतो, रॅम रोज महागतेय, आजच घ्या. आमचे हे म्हणतात, तुम्ही दोघं काय ते एकदा ठरवून टाका. कोणाचं ऐकू?

ता. क. जुन्या कार्डाचे किती येतील?

म. दे., कर्वेनगर

*

म. ताई,

बिल जोडलंत ते फार बरं केलंत. तुमचं लक्ष रकमेकडे गेलं असणार. माझं गेलं त्याच्या खालच्या बारीक अक्षरांकडे, जिथे फार्मवाले कार्डाची किती मेमरी लागली ते लिहितात. टॉवरच्या सीनला जास्तीत जास्त १९ जीबी लागलेत. तुमच्या ३०७० मध्ये आहेत ८. तुमच्या घरातला सगळा वाद या दोन आकड्यांच्या मध्ये बसलाय आणि त्यात २४ कोअरचा कुठेही संबंध नाही.

म्हणून निकाल आधीच सांगतो. कार्ड आत्ता घ्या. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमसाठी भाऊजी म्हणतात तसं खुशाल थांबा. मॅकचं नाव काढू नका. आता का ते सांगतो, कारण नुसत्या निकालावर भाऊजी गप्प बसतील असं मला वाटत नाही.

कार्डावर रेंडर करताना सीनमधली जवळपास प्रत्येक गोष्ट, म्हणजे भिंती, झाडं, टेक्स्चर, सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावं लागतं. तुमची ६४ जीबी रॅम म्हणजे कोठीची खोली आणि कार्डाची मेमरी म्हणजे ओटा. कोठीत पोतीच्या पोती धान्य असलं तरी लाटायला जागा ओट्यावरच लागते. ओटा भरला की व्ही-रे काही काळ कोठीत हेलपाटे घालतं आणि मग हात टेकतं. प्रोसेसर बदललात तर स्वयंपाकघरात आणखी माणसं येतील, ओटा तेवढाच राहील.

आता भाऊजींच्या अफवांकडे वळू. अफवा म्हणून त्या मी झटकून टाकणार नाही, कारण त्यांतली एक चांगली दमदार आहे. २४ जीबीच्या कार्डाची. ती कागदावर पडताळून बघता येते. आरटीएक्स ५०८० आणि ५०७० टीआय या दोन्ही कार्डांचा मेमरीचा रस्ता २५६ बिटांचा आहे. जीडीडीआर७, म्हणजे या कार्डांवरची मेमरी, तिची एक चिप त्यातले ३२ बिट घेते, म्हणजे आठ चिप बसतात. एक चिप २ जीबीची, आठ दुणे सोळा. म्हणून या कार्डांना १६ जीबी. आता ३ जीबीच्या चिपही तयार होतात. लॅपटॉपमधल्या ५०९० ला २४ जीबी आहेत ते याच चिपमुळे: रस्ता तोच २५६ बिटांचा, चिप आठच, आठ त्रिक चोवीस. थोडक्यात, कार्डाची रचना न बदलता फक्त चिप बदलून २४ जीबी करता येतात. तेव्हा 'असं कार्ड निघू शकतं' हे भाऊजींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

निघू शकतं म्हणजे तुमच्या हातात पडेल असं मात्र नव्हे. याच ३ जीबीच्या चिप ९६ जीबीच्या आरटीएक्स प्रो ६००० या कार्डावर बसतात आणि ते कार्ड गेमिंगच्या कार्डाच्या कितीतरी पट किमतीला विकलं जातं. तुम्ही कारखानदार असता आणि चिप मोजक्या असत्या, तर कुठे बसवल्या असत्या? शिवाय आज सगळीकडे मेमरीची टंचाई आहे. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या आणि कार्डाच्या मेमरीच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीत पैसा जास्त आहे आणि तीही त्याच वेफरमधून, म्हणजे चिप कापायच्या सिलिकॉनच्या चकत्यांतून, निघते, त्यामुळे वेफर तिकडे वळलेत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा 'क्रूशियल' हा ब्रँड ते बंद करणार. माझ्या हातून आजवर जेवढी मशीनं जुळली, त्यांतल्या निम्म्यांत तरी क्रूशियलची रॅम असेल. दुकानदार 'रोज महागतेय' म्हणतो ते फक्त माल खपवायला म्हणत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पण त्याच्या 'आजच घ्या' मागे एक मेख आहे. तो तुम्हाला सगळंच मशीन विकणार. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, आणि नवा बोर्ड म्हणजे डीडीआर५. तुमची ६४ जीबी डीडीआर४ आहे, ती त्यात बसत नाही. म्हणजे जी वस्तू आज सगळ्यात महाग झालीय आणि तुमच्याकडे पुरेशी आहे, तीच फेकून पुन्हा विकत घ्यायची! असं करू नका. तुमच्या जुन्या बोर्डावर नवं कार्ड चालतं. कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या खाचेच्या पिढ्या असतात, त्यांना पीसीआयई म्हणतात. कार्ड पीसीआयई ५ चं आणि बोर्ड पीसीआयई ४ चा असला तरी रेंडरला त्याचा फरक जाणवणार नाही, कारण सीन एकदा कार्डात भरला की पुढचं काम कार्डातल्या कार्डात होतं.

प्रोसेसरबद्दल भाऊजी जे ऐकतात त्याची थोडी फोड करतो. घरगुती रायझनला जास्तीत जास्त १६ कोअर, हा आकडा नोव्हेंबर २०१९ च्या ३९५०एक्सपासून तसाच आहे. कारण आतल्या एका तुकड्यावर आठ कोअर असतात आणि असे दोन तुकडे बसतात. पुढच्या पिढीत एका तुकड्यावर बारा असतील, अशी कुणकुण आहे. बारा दुणे चोवीस. रायझन बनवणाऱ्या एएमडीने स्वतः काय सांगितलंय? पुढच्या पिढीचा सर्व्हर प्रोसेसर टीएसएमसी या चिप बनवून देणाऱ्या कंपनीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनतोय आणि त्याला २५६ कोअरपर्यंत असतील, एवढं. शिवाय आजचा एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं आश्वासन दिलंय. सर्व्हरवरून घरगुती प्रोसेसरचा अंदाज बांधणं चुकीचं नाही, पण तो अंदाजच. आणि फक्त २४ हाच आकडा हवा असेल, तर एएमडीचाच मोठ्या मशीनसाठीचा थ्रेडरिपर ९९६०एक्स २०२५ च्या जुलैपासून आहेच. त्याला रजिस्टर्ड जातीच्या रॅमच्या चार कांड्या लागतात. आजच्या भावात त्या घ्यायला निघालात, तर मिस्टर आम्हा दोघांनाही पत्र लिहितील.

तुमचं रेंडर प्रोसेसरवर होत असतं, म्हणजे तुम्ही कोरोना नावाचं रेंडरचं सॉफ्टवेअर वापरत असता, तर मी वेगळं लिहिलं असतं. तिथे प्रत्येक कोअर घाम गाळतो. व्ही-रे जीपीयूला प्रोसेसर लागतो तो सीन तयार करून कार्डाकडे ढकलण्यापुरता. तेवढ्याला ५९००एक्स अजून दोन वर्षं सहज पुरेल. तेव्हा इथे थांबण्याने तुमचं काही बिघडत नाही. भाऊजींना त्यांचे व्हिडिओ बघू द्या.

मॅकचं दोन ओळींत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम३ अल्ट्राच्या मॅक स्टुडिओला ५१२ जीबीपर्यंत एकत्र मेमरी मिळेल, असं जाहीर झालं आणि भाऊजींची भूक तिथूनच चाळवली असणार. कल्पना खरोखर सुंदर आहे, कोठी आणि ओटा एकच! पण थ्रीडीएस मॅक्स मॅकवर चालत नाही. तुमच्या पाच वर्षांच्या सगळ्या फाइली मॅक्समध्ये आहेत. विषय संपला.

एनपीयू (एआयच्या कामासाठीचा प्रोसेसर), पीसीआयई ६ वगैरेही त्या व्हिडिओंत येत असेलच. पीसीआयई ६ चा आराखडा जानेवारी २०२२ मध्येच पक्का झाला. म्हणून तो लगेच घरच्या मशीनमध्ये आला का? अजून नाही. एनपीयू तुमच्या रेंडरच्या वाटेला जात नाही.

आता थोडं विषयांतर, पण ते भाऊजींसाठी आहे. कंपन्या पुढच्या मालाबद्दल तोंड का उघडत नाहीत, याची एक जुनी गोष्ट आहे. अ‍ॅडम ऑस्बर्न नावाचा माणूस. बालपण गेलं तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला, कारण वडील रमण महर्षींचे भक्त. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९८१ मध्ये ऑस्बर्न-१ हा हातात उचलून नेता येणारा संगणक काढला. वजन अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर. धो धो खपला. मग त्याने पुढच्या मॉडेलबद्दल फार लवकर बोलायला सुरुवात केली आणि विक्रेते म्हणाले, मग आत्ताचा कशाला घ्यायचा? थांबू की! सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी बुडायला इतरही कारणं होती असं जाणकार सांगतात, पण नाव पडलं ते 'ऑस्बर्न इफेक्ट' असंच. ऑस्बर्न २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. तेव्हापासून हा धंदा शहाणा झालाय. माल दुकानात यायच्या आधी कंपनी सांगते ते मोजकं, आणि उरलेली जागा जे भरतात त्यांचं पोट तुमच्या मशीनवर चालत नाही, भाऊजींनी व्हिडिओ किती वेळ बघितला त्यावर चालतं.

तरी सगळं थोतांड असतं असंही नाही. माझ्या लेखी फुटलेल्या बातम्यांत जाती असतात. नव्या प्रोसेसरसाठी कंपनीच्याच इंजिनिअरांनी लिनक्समध्ये कोड घातला, किंवा बोर्डवाल्यांनी बायोसचं, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट काढलं, की समजावं वस्तू आहे आणि येतेय. मेमरीच्या चिपच्या बाजारातून येणारी बातमीही बरी, कारण तिथे पैसा गुंतलेला असतो. 'अमुक इतके टक्के वेगवान' हे मात्र कानाआड करायचं. कोणत्या कामात, कशाच्या तुलनेत, हे कोणी सांगत नाही. आणि किमतीची फुटलेली बातमी तर विचारूच नका. ५०९० ची भारतातली सुरुवातीची किंमत कंपनीने स्वतः २,१४,००० जाहीर केली होती. त्या किमतीला ते कार्ड विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय.

मीही यात पोळलोय. २००१ च्या सुमारास एका नव्या जातीच्या रॅमचा फार गवगवा होता. पुढे सगळं हेच चालणार, असं मासिकं लिहीत होती. मी शिवाजीनगरच्या एका छपाईवाल्याला, ज्यांच्या ऑफिसात आजही मी मान खाली घालूनच जातो, त्याच रॅमचं मशीन घ्यायला लावलं. दोन वर्षांत ती जात बाजारातून उठली. नंतर एक कांडी बिघडली, तर तापकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत हिंडलो आणि शेवटी जुन्या मशीनमधून काढलेली कांडी नव्याच्या भावात आणली. तेव्हापासून दुसऱ्याच्या पैशाने भविष्य विकत घ्यायचं नाही, असं ठरवलंय.

असो. तुमच्या कार्डाकडे येतो. पण दुकानात जाण्याआधी एक काम फुकटात करायचं आहे आणि ते भाऊजींनाच करावं लागेल.

त्या टॉवरच्या सीनमध्ये टेक्स्चर कोणत्या मापाची आहेत ते बघा. ८के टेक्स्चर म्हणजे ८,१९२ गुणिले ८,१९२ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. एका चित्राला २५६ एमबी. अशी तीस चित्रं झाली की तुमचं ८ जीबीचं कार्ड भरलंच, भिंती-झाडं वेगळीच. तेच चित्र २के केलं की १६ एमबी. मी एकदा अशीच एका ओळखीच्या आर्किटेक्टची फाइल उघडली होती. लॉबीतल्या लाकडाला ८के असेल तर समजू शकतो. पण चौदाव्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरातल्या, बाहेरून अजिबात न दिसणाऱ्या वॉश बेसिनमागच्या टाइलला ८के! का, तर टाइलवाल्याच्या साइटवरून जशी उतरली तशीच टाकली होती. झाडं प्रॉक्सी म्हणून, म्हणजे एकाच मूळ झाडाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा म्हणून, टाकलीत की प्रत्येक झाड सुटं ओतलंय, तेही बघा. एकच गुलमोहर दोनशे वेळा वापरला तर मेमरी साधारण एकाच गुलमोहराची लागते. दोनशे सुटी झाडं कॉपी केली असतील तर दोनशेंची.

हे करून हलका झालेला सीन फार्मला परत पाठवा. पूर्ण वॉकथ्रू नको, एकच फ्रेम. काही रुपयांत काम होईल आणि रिपोर्टमध्ये नवा आकडा मिळेल. भाऊजींच्या स्क्रीनवरही टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर टिचकी मारा. 'डेडिकेटेड' मेमरी काठोकाठ भरून 'शेअर्ड' चढायला लागली, की ओटा सांडला असं समजायचं.

नवा आकडा १३-१४ जीबीच्या आत आला, तर १६ जीबीचं ५०७० टीआय तुम्हाला पुरेल आणि चार लाखांतला मोठा हिस्सा बँकेतच राहील. एक-दोन जीबी विंडोज आणि मॅक्सची खिडकी खाते, म्हणून सोळाच्या काठावर जाऊ नका. ५०८० मध्येही १६ च जीबी आहेत. ते वेगवान आहे, पण न मावणारा सीन वेगाने न मावून काय उपयोग?

आकडा १६ च्या वर राहिला, तर दोन वाटा आहेत. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे, ५०९०. ३२ जीबी. वेगाला तोड नाही. पण ते एकटं ५७५ वॅट खातं आणि कंपनीच १,००० वॅटचा पॉवर सप्लाय सांगते. आता जरा खाली वाकून टेबलाखाली बघा. तिथे ६०० व्हीएचा यूपीएस असेल, तर त्यामागच्या चिकटपट्टीवर ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घालवली, की हा यूपीएस ५०९० ला एक श्वाससुद्धा घेऊ देणार नाही. म्हणजे यूपीएस बदलायचा, पॉवर सप्लाय बदलायचा, आणि मशीन आणि एसी एकाच लाइनवर असतील तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन आणि १५ अँपिअरचा पॉइंट काढून घ्यायचा. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का ते आधी टेपने मोजायचं. शिवाय त्या कार्डाला येणारी १६ पिनांची केबल. ती अर्धवट खोचली गेल्याने कनेक्टर वितळल्याच्या घटना ४०९० पासून गाजताहेत. ती टच्च बसेपर्यंत दाबायची आणि प्लगाजवळच मुरडायची नाही. सगळं मशीन मिळून आठशे वॅट धरले तर रात्रीच्या आठ तासांच्या रेंडरला जवळपास साडेसहा युनिट जातील, आणि ते सगळे उष्णता होऊन तुमच्याच खोलीत राहतील. एप्रिलमधल्या पुण्यात.

दुसऱ्या वाटेचं नाव दुकानदार सहसा काढत नाहीत, कारण त्या कार्डांवर रंगीत दिवे लागत नाहीत. आरटीएक्स प्रो मालिका. प्रो ४००० ब्लॅकवेलला २४ जीबी मेमरी आहे आणि ते १४० वॅटवर चालतं. प्रो ४५०० ला ३२ जीबी आणि २०० वॅट. तुमच्या ३०७० चं खाणं २२० वॅट आहे, म्हणजे या दोन्हींचं त्याहून कमी! सध्याचा पॉवर सप्लाय चालेल. यूपीएसवर ताण वाढणार नाही. वेगात ५०९० च्या पुष्कळ मागे राहतील हे मान्य, पण ३०७० च्या पुढेच. तुमचा सीन आज शून्य वेगाने चालतोय हे लक्षात घ्या. भाऊजी ज्या २४ जीबीच्या कार्डाची वाट बघताहेत, ते एका अर्थाने प्रो ४००० च्या रूपात दुकानात आलेलंच आहे. गेमिंगच्या कप्प्यात नाही म्हणून त्यांना दिसलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर प्रो ४५०० चं कोटेशन मागवलं असतं. ४००० आणि ४५०० या दोन्हींचं, दोन-तीन ठिकाणांहून, लेखी. पुढचा टॉवर तीस मजली निघाला तर २४ जीबीही कमी पडतील, म्हणून कल ३२ कडे. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी नंबरसकट घ्या. संगणकाच्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी कंपोझिशन योजनेतली नसेल, तर या कराचं क्रेडिट मिळतं आणि चार लाखांच्या हिशेबात ते लहान नाही. अमेरिकेतला भाचा दिवाळीला येताना आणतो म्हणाला, तर आभार मानून नको म्हणा. कर्वेनगरात प्रत्येक सोसायटीत असा एक भाचा असतोच. बाहेरून आणलेल्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असं नसतं आणि बिल नसेल तर क्रेडिटही गेलं.

जुनं ३०९० घ्यावं का, हे भाऊजी विचारतीलच. २४ जीबी आहेत, व्ही-रेवर चालतंही. पण २०२० च्या त्या कार्डांतली बरीचशी क्रिप्टो कॉइन काढायच्या कामावर राबलेली आहेत. समोर तासभर रेंडर चालवून दाखवलं आणि ओळखीतलं असेल तर बघा, नाहीतर सोडा.

एक खोटी आशा मात्र दाखवत नाही. फार्मचं बिल शून्यावर येणार नाही. एका मिनिटाचा वॉकथ्रू म्हणजे सेकंदाला ३० प्रमाणे १,८०० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तरी १२० तास, पाच दिवस आणि पाच रात्री. बिल्डरला पाडव्याच्या बुकिंगसाठी परवा हवा असतो. तिथे फार्मच. पण स्टिल व्ह्यू, कॅमेरा हलवून बघणं, 'जरा लॉबी उजळ करा हो' म्हणून तिसऱ्यांदा आलेला फोन, हे सगळं घरी निघेल. ९४ हजारांतले स्टिलचे किती आणि वॉकथ्रूचे किती, ते एका कागदावर वेगळं करा. महिन्याला सरासरी साडेपंधरा हजार जाताहेत. त्यात स्टिलचा वाटा निम्मा निघाला, तरी भाऊजींच्या 'थांबा'चं भाडं महिन्याला पावणेआठ हजार पडतंय. हा कागद जेवणाच्या टेबलावर व्हिडिओच्या शेजारी ठेवा, बोलायची गरज पडणार नाही.

भाऊजींना अगदीच राहवलं नाही, तर एक सूट देतो. खरेदीला निघायच्या दिवशी २४ जीबीच्या गेमिंग कार्डाची तारीख आणि भारतातली किंमत कंपनीने अधिकृत जाहीर केलेली असेल आणि तारीख महिन्याच्या आतली असेल, तर महिनाभर थांबा. 'सूत्रांच्या माहितीनुसार' असेल तर रिक्षा पकडा. आणि दुपारी एकच्या आत पोहोचा, नाहीतर चारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून आणखी व्हिडिओ बघितले जातील.

ता. क. चं उत्तर. जुनं ३०७० विकू नका. पत्रात तुम्ही भाऊजींच्या मशीनबद्दल सगळं लिहिलंत, स्वतः कशावर काम करता ते कुठेच नाही. मॉडेलिंग तुम्ही करत असाल तर तुमच्या मशीनमध्ये ते कार्ड घाला. आठ जीबीत तुमचे फ्लॅटच्या आतले व्ह्यू बसतील आणि भाऊजींचं मशीन रात्रभर रेंडरला लागलेलं असताना तुम्हाला सकाळपर्यंत वाट बघावी लागणार नाही. पॉवर सप्लाय मात्र आधी बघा. ६५० वॅटचा असेल तर चालेल, आणि बहुतेक ३०७० ना आठ पिनांच्या दोन केबल लागतात, त्या आहेत का तेही बघा.